आई कामावर, आईचं दूध घरात

(दांपत्य मेळाव्यात केलेले भाषण)





कुटुंब नियोजनाचा मेळावा म्हटला की लोकांना वाटतं, आता बाई तांबीचं नाहीतर ऑपरेशनचं बोलणार. ते बोलायचं आहेच, पण शेवटी. आधी बोलायचं आहे ते पाळण्यात असलेल्या लेकराच्या पोटाबद्दल. पाळणा लांबवायचा तो कशासाठी? हातात आहे ते मूल धडधाकट वाढावं, त्याच्या आईची तब्येत सावरावी, म्हणूनच ना? मग त्या मुलाला पहिले सहा महिने काय पाजलं जातं, हा प्रश्न कुटुंब नियोजनाचाच झाला.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं दूध नाही, पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज असं वरचं अन्न सुरू करायचं आणि अंगावरचं दूध दोन वर्षं, जमल्यास त्याच्याही पुढं चालू ठेवायचं. हे आशाताईंनी तुम्हाला सांगितलेलं आहे. तुम्ही मान डोलावली आहे. पण घरी गेल्यावर सूनबाई विचारते, "मला कामाला जायचंय, मग बाळाला काय द्यायचं?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

अडचण कुठे येते

आपला तालुका भाताचा. आषाढात लावणी आली की घरात बाईमाणूस बसून राहत नाही. चिखलात वाकून रोप लावायला सगळे हात लागतात. शिवाय आता पिरंगुटच्या कंपन्या आहेत. हिंजवडी, माण भागात साफसफाईची, कॅन्टीनची, पॅकिंगची कामं आहेत. ताम्हिणीच्या रस्त्यावर हॉटेलं झाली आहेत. बाळ दोन-तीन महिन्यांचं होतं न होतं तोच आईला घराबाहेर पडावं लागतं.

कायद्यानं २०१७ सालापासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. ज्या ठिकाणी ५० किंवा अधिक माणसं कामाला आहेत, तिथं पाळणाघराची सोय करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊ द्यायचं आहे. आपला हक्क असेल तिथं तो जरूर मागा. पण शेतमजुरी करणाऱ्या बाईला, रोजावर जाणाऱ्या बाईला ही रजा कोण देणार? तिला चूल पेटवायची असते. म्हणून ती जाते.

मागे बाळ रडतं. आजी गाईचं दूध घेते, त्यात निम्मं पाणी घालते आणि बाटलीत भरते. नाहीतर दुकानातून पावडरचा डबा येतो. डबा महाग, म्हणून चार चमच्यांच्या जागी दोनच चमचे टाकतात. बाटलीच्या बुचाला आतून दूध चिकटून राहतं, ते नीट धुतलं जात नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ. आठ दिवसांत बाळाला जुलाब लागतात आणि बाळ सुकतं. मग गाडीभाडं खर्चून दवाखान्यात धाव. दुधाची तहान ताकावर भागवायला गेलो आणि ताकही महागात पडलं, अशी गत होते.

तिकडे आईचं काय होतं? भरल्या वेळेला छाती दाटते, गाठी होतात, दुखतं, कधी ताप भरतो. पोलकं भिजतं म्हणून ती चारचौघींत शरमते. पंधरा दिवस असं चाललं की दूध कमी होतं. लोक म्हणतात, "तिचं दूध आटलं." अहो, ते आपोआप आटलं नाही. विहिरीचा उपसा चालू असला की झरे वाहते राहतात. उपसा थांबला की झरे बुजतात. आईच्या दुधाचंही तसंच आहे. जेवढं बाळ पिईल किंवा जेवढं आपण काढू, तेवढं नवीन तयार होतं.

म्हणजे दोन्हीला इलाज एकच. आईनं आपलं दूध हातानं काढावं, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावं, आणि घरच्यांनी ते बाळाला पाजावं.

"शिळं दूध लेकराला द्यायचं?"

आजीबाई लगेच म्हणतील, "काढून ठेवलेलं दूध शिळं. ते बाधेल." शंका रास्त आहे. गाईम्हशीचं कच्चं दूध तसंच ठेवलं तर ते नासतं, हे आपण रोज बघतो. पण आईच्या दुधात रोगाशी झुंजणारी द्रव्यं असतात, जिवंत पेशी असतात. काढल्यानंतरही काही तास ती जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून ठरलेल्या वेळेच्या आत दिलेलं आईचं दूध शिळं होत नाही.

दुसरी शंका अशी की, बाई उन्हातून आली, दमून आली, तिचं दूध "तापलेलं" असतं, ते पाजू नये, पहिलं दूध पिळून टाकावं. असं काही नाही. अंगात असताना दूध तापत नाही आणि नासत नाही. बाईनं हातपाय धुवावेत, घोटभर पाणी प्यावं आणि बाळाला जवळ घ्यावं.

आणि हे काही आजचं खूळ नव्हे. मुंबईला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, ज्याला आपण सायन हॉस्पिटल म्हणतो. तिथं कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं आजारानं दगावत असत. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथं १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ही पहिली दुग्धपेढी. ज्या मातांना जास्त दूध येतं त्यांनी ते द्यायचं, तपासून आणि जंतुरहित करून ते गोठवून ठेवायचं, आणि ज्या बाळाच्या आईला अजून दूध नाही त्याला द्यायचं. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. तिथं आईचं दूध महिनोन्‌महिने नीट राहतं. मग आपल्या घरात ते चार तास राहणार नाही का?

इथं एक खुलासा करते. पेढीतलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून मग थंड करतात. "मग आम्ही का तापवायचं नाही?" असं कुणी विचारील. तर ते दूध दुसऱ्या आईचं असतं, म्हणून आईच्या रक्ताची तपासणी आणि ही खबरदारी लागते. आपल्या बाळाला आपलं दूध द्यायला त्याची गरज नाही. आणि म्हणूनच शेजारणीचं न तपासलेलं दूध काढून आपल्या बाळाला घरच्या घरी पाजू नये.

दूध काढायचं कसं

एक रुंद तोंडाचं स्टीलचं भांडं आणि त्याला बसणारं झाकण घ्या. साबणानं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा, मग बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. बाहेर काढून पालथं घालून आपोआप वाळू द्या. पदरानं पुसू नका. पदर दिवसभर सगळीकडे लागलेला असतो. पाण्याच्या विकत मिळणाऱ्या बाटल्या आणि साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दुधासाठी वापरू नका.

हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. मिशरी लावल्याबरोबर तसेच हात लावू नका. खरं म्हणजे मिशरी सोडूनच द्या, कारण तंबाखूचा अंश दुधातून बाळाकडे जातो.

आता शांत जागी बसा. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे बघा, नसेल तर त्याला मनात आणा. कामावर असाल तर बाळाचं झबलं जवळ ठेवा. बाळ आठवलं की पान्हा फुटतो, हे बायकांना सांगायला नको. कोमट फडक्यानं शेक घ्या, हलक्या हातानं चोळा.

अंगठा वर आणि बोटं खाली, अशी पकड बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला धरा. आधी छातीकडे हलकेच दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा आणि सोडा. दाबा, सोडा. बोंड ओढायचं नाही, त्यावरून बोटं घासायची नाहीत. दुखलं तर समजा पकड चुकली. पहिले थेंब येईपर्यंत धीर धरा. हळूहळू धार लागते. बोटं चारी बाजूंनी फिरवा. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिलीकडे. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात.

पहिल्या दिवशी दोन चमचेच निघाले तर घाबरू नका. थेंबे थेंबे तळे साचे. कामावर जायच्या आधी दहा-पंधरा दिवस सराव सुरू करा, म्हणजे हातही बसतो आणि आजीलाही पाजायची सवय होते.

पातळ, निळसर दूध दिसलं तर ते कसदार नाही असं म्हणू नका. सुरुवातीचं दूध पातळच असतं, मागचं दाट असतं. दोन्ही बाळाला हवं.

ठेवायचं किती वेळ

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वेळेचा हिशेब.

घरात साध्या जागी, सावलीत, झाकून ठेवलेलं दूध चार तासांच्या आत पाजा. काही ठिकाणी सहा ते आठ तासही सांगतात. थंड हवा आणि अगदी स्वच्छ भांडं असेल तर ते चालतंही. पण आपली पत्र्याची घरं उन्हाळ्यात तापतात. म्हणून आपण चार तासांचाच नियम पाळू. उकाडा फार असेल तर त्याही आधी पाजा. चुलीजवळ, पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत उन्हात भांडं ठेवू नका.

माठाशेजारची जागा चांगली. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, तेव्हा परातीत थोडं पाणी घालून त्यात झाकलेलं भांडं ठेवा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळा. दूध थंड राहतं. पण आषाढ-श्रावणात मुळशीची हवाच इतकी ओली असते की ओलं फडकं वाळत नाही, आणि वाळत नाही म्हणून गारही करत नाही. त्या दिवसांत फडक्याच्या भरवशावर वेळ वाढवू नका. आणि उन्हाळा असो की पावसाळा, चार तास ते चारच तास.

फ्रिज असेल तर दूध चोवीस तास ठेवता येतं. भांडं आतल्या बाजूला मागे ठेवा, दारात नको, कारण दार उघडलं की तिथं गरम हवा लागते. बाहेरच्या देशांतल्या पुस्तकांत फ्रिजमध्ये चार दिवस असंही लिहिलेलं असतं. पण तिथं वीज जात नाही. मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर वीज होते खरी, तरी वादळवाऱ्यात आपल्या वाडीवरची वीज जाते ती जातेच. म्हणून आपण चोवीस तासांचा नियम पाळू. वीज गेली तर दार उघडू नका. चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल, तर त्या दुधाचा भरवसा धरू नका.

वरच्या बर्फाच्या कप्प्यात दूध गोठवायची आपल्याला सहसा गरज नाही. गोठवलंच तर ते फ्रिजच्या खालच्या भागात रात्रभर ठेवून वितळू द्या, चोवीस तासांत संपवा, आणि पुन्हा गोठवू नका.

घरात फ्रिज नाही, पण शेजारी आहे, तर विचारायला लाजू नका. लेकराच्या दुधाला नाही म्हणणारी शेजारीण आपल्या गावात नाही. भांडं घट्ट झाकणाचं असू द्या आणि त्यावर काढल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहा. बर्फाच्या पिशव्या घालून ठेवायचा जाड डबा मिळतो. लसीकरणाला नर्सबाई आणतात तसाच. बर्फ टिकेल तोवर, जास्तीत जास्त चोवीस तास, त्यातही दूध राहतं. तो स्वतःचा घ्या. लसीचा डबा मात्र लसीसाठीच.

थोडं थोडं साठवा. एका भांड्यात एका वेळेपुरतं, म्हणजे साधारण अर्धी ते एक लहान वाटी, ६० ते १२० मिलिलिटर. फ्रिजमधल्या गार दुधात ताजं कोमट दूध ओतू नका. आधी ताजं गार करा, मग मिसळा. जे आधी काढलं ते आधी पाजा.

कोमट करायचं कसं

इथं आपल्या हातून सवयीनं चूक होते. दूध म्हटलं की आपण पातेलं चुलीवर चढवतो आणि उतू जाईपर्यंत तापवतो. गाईम्हशीच्या दुधाला ते योग्यच आहे. आईच्या दुधाला ते चालत नाही. उकळलं की रोगाशी झुंजणारी द्रव्यं मरतात आणि आपण एवढ्या कष्टानं काढलेल्या दुधाचा निम्मा गुण चुलीतच जातो.

घरात साध्या जागी ठेवलेलं दूध कोमट करायची गरजच नाही. ते तसंच पाजा. फ्रिजमधलं असेल तर एका मोठ्या वाडग्यात हात सहज घालवेल इतकं कोमट पाणी घ्या. उकळतं नको. त्यात दुधाचं बंद भांडं काही मिनिटं ठेवा. पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नका. वर साय धरल्यासारखा थर दिसेल. ते नासलेलं नव्हे, ती दुधातली चरबी वर आलेली असते. भांडं हळूच गोल फिरवा, मिसळून जाईल. मग एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाका. गरमही लागू नये, गारही लागू नये.

शहरातल्या काही घरांत विजेची झटपट भट्टी असते, मायक्रोवेव्ह म्हणतात. त्यात बाळाचं दूध गरम करू नका. वरून भांडं कोमट लागतं, आत एखाद्या ठिकाणी दूध कढत असतं आणि बाळाची जीभ पोळते.

एकदा कोमट केलेलं दूध पुन्हा थंड करून ठेवायचं नाही. बाळानं तोंड लावल्यावर उरलं, तर ते दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाका. "एवढं दूध टाकायचं?" म्हणून जीव तुटतो, मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी अर्धंच वाटीत घ्या, लागलं तर पुन्हा घ्या. मग टाकायची वेळ येत नाही. वास आंबूस आला, चव बिघडली, तर मात्र मोह धरू नका.

पाजायचं कसं

बाटली घरात आणूच नका. बाटलीची आणि डब्याच्या पावडरची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. बाटलीचं बूच आतून साफ होत नाही, आणि बाटलीची सवय लागलेलं बाळ पुढे अंगावर नीट ओढत नाही.

वाटी-चमचा घ्या. आपल्याकडे पूर्वीपासून बोंडलं असतं, तेही चांगलं. फक्त त्याची चोच आतून नीट घासा आणि उकळा. बाळाला मांडीवर उभट धरा, मान हाताच्या आधारावर घ्या. वाटीची कड किंवा चमचा खालच्या ओठाला लावा आणि बाळाला आपणहून घेऊ द्या. घशात ओतू नका, आडवं निजवून पाजू नका, ठसका लागतो. वेळ लागतो, पण घाई नको. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा.

हिशेब जमवून पाहू

समजा, लावणीचे दिवस आहेत. आईनं साडेसातला बाळाला अंगावर पाजलं, मग पावणेआठला उरलेलं दूध काढून झाकून ठेवलं आणि ती आठला शेतावर गेली. दहा वाजता आजीनं ते वाटीनं पाजलं. बाराला बाबा बाळाला घेऊन बांधावर गेले, किंवा आई घरी आली. पोटभर पाजलं, उरलेलं पुन्हा काढून ठेवलं. ते आजीनं तीनला दिलं. साडेपाचला आई घरी. बघा, कुठेही चार तास उलटले नाहीत, आणि फ्रिजही लागला नाही.

आता समजा आई कंपनीत जाते. सकाळी आठला निघते, संध्याकाळी साडेसहाला येते. इथं सकाळचं एकदाच काढलेलं दूध पुरणार नाही, हे स्पष्ट सांगते. आदल्या रात्रीचं आणि सकाळचं दूध घरातल्या किंवा शेजारच्या फ्रिजमध्ये वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा, आणि आजीनं एकेक काढून कोमट करून द्यावं. कामावर दर तीन तासांनी दूध काढा. थंड ठेवायची सोय असेल तर घरी आणा. सोय नसेल तर ते टाकावं लागलं तरी चालेल, पण काढाच. नाही काढलं तर छाती दाटते आणि घरचा झरा बुजतो. काढायला संडासात बसू नका. साहेबांना किंवा बाईंना आडोशाची जागा मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कायद्यानं बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नोकरीवरच्या आईला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेळ मिळायला हवा.

घरी आलात की आधी बाळ, मग चूल. रात्री बाळाला जवळ घेऊन निजा आणि मागेल तेव्हा पाजा. रात्रीच्या पाजण्यानं दूध चांगलं वाढतं. सुट्टीच्या दिवशी वाटी-चमचा बाजूला, दिवसभर अंगावरच.

बाळ कमी दिवसांचं असेल, आजारी असेल, दवाखान्यात असेल, तर हे घरचे हिशेब लावू नका. तिथले डॉक्टर, नर्सबाई सांगतील तसं करा.

बाबांनो, तुमचं काय काम?

पुरुषमंडळी मागे बसून गालात हसताहेत. दूध काढता येत नाही, हे खरं. पण भांडं उकळणं, वेळ लिहून ठेवणं, कोमट पाणी करणं, वाटीनं पाजणं, बांधावर बाळ नेणं, हे सगळं तुम्हाला येतं. बाळाला वाटीनं पाजणारा बाप काही कमी मर्द होत नाही. आणि आणखी एक. बायको दूध काढायला बसली की अर्धा तास तिला कुणी हाक मारू नये, एवढी व्यवस्था करा. मन शांत नसेल तर पान्हा फुटत नाही. तिच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी भरपूर पडते की नाही, हेही बघा. सगळ्यांचं जेवून उरलेलं खाणाऱ्या बाईकडून दुधाची अपेक्षा कशी करायची?

आता पाळण्याची गोष्ट

शेवटी बोलायचं म्हटलं होतं, ते आता बोलते.

बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत, असं आपल्या बायका पूर्वापार म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी परत सुरू झालेली नसावी. आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असावं, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. तिन्ही अटी पाळल्या तर शंभरात दोघींनाही दिवस राहत नाहीत. एक अट मोडली की भरवसा संपला.

आता नीट ऐका. आई कामावर जाते आणि हातानं काढलेलं दूध बाळाला मिळतं. बाळाला पोषण पुरं मिळतं, पण बाळ स्वतः ओढतं तेव्हा आईच्या शरीराला जो इशारा मिळतो, तो हातानं काढताना तितका मिळत नाही. त्यामुळे अशा आयांमध्ये सहा महिन्यांत शंभरात सुमारे पाच जणींना दिवस राहू शकतात. म्हणजे काढून ठेवलेलं दूध बाळाचं पोट सांभाळतं, पाळणा सांभाळत नाही. पाळी आली नाही म्हणून बेसावध राहू नका. पाळी यायच्या आधीच दिवस राहिले, असं घडतं.

पुढचे दिवस लवकर राहिले तर सोसतं कोण? आई अजून पहिल्या बाळंतपणातून सावरलेली नसते. अंगावरचं मूल अवेळी तुटतं. म्हणून दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. त्यासाठी सरकारी दवाखान्यात साधनं मोफत मिळतात, आणि दुधाला बाध न आणणारीही आहेत. निरोध आहे. तांबी आहे. ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी बसवता येते. ती पाच किंवा दहा वर्षं काम देते आणि मूल हवं तेव्हा काढता येते. छाया नावाची गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची. अंतरा नावाचं इंजेक्शन आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करून दर तीन महिन्यांनी घ्यायचं. रोज घ्यायची माला-एन गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईनं घेऊ नये. आणि कुटुंब पुरं झालं असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी आहे. ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरायचा. यातलं काय घ्यायचं ते तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. कुणी जबरदस्ती करणार नाही. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात या, पौडच्या ग्रामीण रुग्णालयात या. प्रश्न कितीही बारीक वाटला तरी विचारा.

जाताना एवढं लक्षात ठेवा

• हात आणि भांडं स्वच्छ, झाकण घट्ट, वर वेळ लिहिलेली.
• घरात सावलीत चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास.
• चुलीवर तापवू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवा.
• वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाटली नको.
• उष्टं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाका.
• कामावर दर तीन तासांनी दूध काढा, रात्री अंगावर पाजा.
• काढलेल्या दुधावर बाळ वाढवा, पाळणा लांबवायला साधन वापरा.

हे पत्रक घरी न्या. ज्यांना वाचता येतं त्यांनी आजीला वाचून दाखवा, कारण दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर असणार आहे. मग माठाशेजारी भिंतीला लावून ठेवा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!